सातवीतून हायस्कुलात : दाखल्यापासून दिवाळीपर्यंत

तालुक्याच्या गावातल्या एका हायस्कुलात मी गेली बरीच वर्षं आठवीची वर्गशिक्षिका आहे. दर जूनला आसपासच्या दहा-बारा वाड्यावस्त्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांमधून सातवी झालेली मुलं आमच्याकडे येतात. पहिल्या दिवशी ती कुठली हे विचारावं लागत नाही. वर्गाच्या दारावरून शिपाईमामा नुसते गेले तरी ती उठून उभी राहतात.

या मुलांचं सगळ्यात आधी अडतं ते अभ्यासात नाही, विचारण्यात. गावच्या शाळेत दोन वर्गांना मिळून एक गुरुजी होते, त्यांना घर माहीत होतं, आजी आजारी आहे हेसुद्धा माहीत होतं. इथे पस्तीस मिनिटांचा तास संपला की बाई जातात, दुसरे सर येतात. दिवसभरात सात-आठ जण येऊन जातात. पेन संपलं, पोटात दुखतंय, गणित कळलं नाही, यातलं कुठलं कुणाला सांगायचं? मूल गप्प बसतं. ते गप्प बसणं घरच्यांना शहाणपणा वाटतं आणि दिवाळीच्या परीक्षेत एकदम समोर येतं. म्हणून या लेखात कागदपत्रं आहेत, बसचा पास आहे, शिष्यवृत्ती आहे; पण प्रत्येक टप्प्यावर माझं म्हणणं एकच आहे. मुलाला विचारायला शिकवा, आणि तुम्हीही शाळेत येऊन विचारा.

(काही गावांत जिल्हा परिषदेच्या शाळेलाच आठवीचा वर्ग जोडलेला असतो. तिथल्या मुलांचा हाच प्रवास नववीला होतो. बहुतेक सगळं त्यांनाही लागू आहे, फरक जिथे पडतो तिथे सांगते.)

एप्रिल : दाखला हातात पडण्याआधी

शाळा सोडल्याचा दाखला मिळाल्यावर तो घडी घालून पिशवीत टाकू नका. खरं तर दाखला लिहून होण्याच्याही आधी गुरुजींना सांगून जनरल रजिस्टरातली मुलाची नोंद बघून घ्या. मुलाचं, वडिलांचं, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख अंकांत आणि अक्षरांत, जन्मठिकाण, जात. एकेक अक्षर वाचा. आधार कार्ड शेजारी ठेवा आणि दोन्हीकडे नाव तंतोतंत एकच आहे का ते बघा. एकीकडे ‘सुरेश’ आणि दुसरीकडे ‘सुरेशराव’ एवढ्यावरूनही पुढे ऑनलाइन नोंदणीत, शिष्यवृत्तीत अडचण येते.

चूक सापडली तर मूल अजून त्याच शाळेत आहे तोवर दुरुस्तीचा अर्ज करा. दाखला काढून नेल्यावर हेच काम अवघड होतं, आणि दहावीचं प्रमाणपत्र मिळाल्यावर तर फारच अवघड. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या दाखल्यावर जन्माचा महिना चुकीचा पडला होता. वडिलांच्या लक्षात आलं ते थेट नववीत. त्यांची कितीतरी रोजंदारी त्या एका महिन्याच्या दुरुस्तीपायी गेली.

आणखी एक गोष्ट मागून घ्या. शाळा आणि विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंद ठेवणारी शासनाची यू-डायस नावाची प्रणाली आहे, तिच्यात प्रत्येक विद्यार्थ्याला एक कायमचा क्रमांक असतो, त्याला ‘पेन’ म्हणतात. तो दाखल्यावर किंवा साध्या चिठ्ठीवर लिहून घ्या. नवी शाळा त्याच क्रमांकावरून मुलाला आपल्याकडे ऑनलाइन ओढून घेते. जुन्या शाळेने त्यांच्या बाजूने मुलाला मोकळं केलं नसेल तर नाव दोन शाळांच्या मध्ये लटकतं. जुलैत एकदा आमच्या ऑफिसात विचारा, ‘नाव तुमच्याकडे ऑनलाइन आलं का?’ एवढा एकच प्रश्न.

दाखला मिळायला उशीर झाला म्हणून घाबरू नका. आठवीपर्यंतचं शिक्षण २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात येतं. दाखला आला नाही एवढ्या कारणावरून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश लांबवता येत नाही, नाकारता तर नाहीच. प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घेणं, मुलाखत घेणं हेही त्या कायद्यात बसत नाही. शांतपणे, पण ठामपणे सांगा.

शाळा आणि तुकडी

शाळा निवडताना लोक इमारत बघतात, निकालाचा फलक बघतात. मी म्हणेन, आधी दोन गोष्टी विचारा. शाळा अनुदानित आहे का, आणि घरापासून वेळेवर पोचता येतं का.

अनुदानाचा प्रश्न कोरडा वाटतो, पण तो खिशाला लागतो. सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, दुपारचा पोषण आहार मिळतो. आणि आठवीला होणारी एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा खासगी विनाअनुदानित शाळेतल्या मुलांना देता येत नाही. तिच्याबद्दल पुढे येईलच. नववीला मात्र पुस्तकं विकत घ्यावी लागतात आणि डबा घरून न्यावा लागतो. गावात आठवी करून नववीला येणाऱ्या मुलांना हे दोन्ही पहिल्याच आठवड्यात अंगावर येतं, तेव्हा पैसे आणि सकाळची वेळ, दोन्हीची सोय आधी करा.

आता सेमी-इंग्रजीचा प्रश्न. सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून. दहावीच्या बोर्डाचे त्या दोन विषयांचे पेपरही मग इंग्रजीतच लिहायचे. दर जूनला पालक ऑफिसात येतात आणि म्हणतात, ‘बाई, शेजारच्याचा सेमीला गेलाय, आमच्यालाही तिकडंच टाका.’ मुलगा बाजूला उभा असतो, त्याला कुणी विचारत नाही.

मी एक साधी गोष्ट करायला सांगते. सातवीचं इंग्रजीचं पुस्तक घ्या, न शिकवलेल्या पानावरचा पाच-सहा ओळींचा उतारा मुलाला वाचायला द्या आणि त्यात काय आहे ते मराठीत सांगायला सांगा. उच्चार चुकले तरी चालतील. अर्थ साधारण सांगता आला तर सेमीला घाला, थोडे कष्ट पडतील पण जमेल. अर्थ लागतच नसेल तर मराठीतून गणित नीट शिकू द्या. ज्याला परिमेय संख्या मराठीत पक्की कळली आहे तो अकरावीला शब्द बदलून घेतो. ज्याला दोन्ही भाषांत कळली नाही त्याच्यापाशी काहीच उरत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, म्हणून इतकं ठामपणे लिहिते.

सेमीला घातलंच तर मे महिना वाया घालवू नका. एक मुलगा मला आठवतो. फळ्यावर सरांनी ‘एलसीएम काढा’ म्हटलं आणि तो कोरी वही पुढ्यात घेऊन बसून राहिला. मी मधल्या सुट्टीत जवळ बसवून विचारलं, ‘बारा आणि अठराचा लसावि किती रे?’ क्षणात म्हणाला, ‘छत्तीस.’ त्याला गणित येत होतं, त्याला त्या गणिताचं नवं नाव माहीत नव्हतं. एवढ्यावरून दोन आठवडे तो वर्गात कच्चा ठरला होता. तेव्हा सुट्टीत वहीच्या एका पानावर जोड्या लिहून घ्या : लसावि म्हणजे एलसीएम, मसावि म्हणजे एचसीएफ, अंश न्यूमरेटर, छेद डिनॉमिनेटर, परिमिती पेरिमीटर, क्षेत्रफळ एरिया, त्रिज्या रेडियस, काटकोन राइट अँगल, वर्गमूळ स्क्वेअर रूट, चल व्हेरिएबल. पन्नासेक शब्द झाले तरी जूनमध्ये पोराच्या पायाखाली जमीन राहते. हे शब्द तुम्हाला येत नसतील तर गावातल्या दहावी झालेल्या एखाद्या ताईला किंवा दादाला सांगा. तासाभराचं काम आहे.

मराठी माध्यमात जाणाऱ्यांनीही सुट्टीत अपूर्णांक पक्के करावेत. आठवीच्या गणिताचा पहिलाच धडा परिमेय व अपरिमेय संख्यांचा आहे. छेद समान करणं जमत नसेल तर वर्षाची सुरुवातच अडखळते.

भाषांमध्ये हिंदी पूर्ण घ्यायचं की हिंदी-संस्कृत संयुक्त, हा पर्याय काही शाळा देतात. मुलाची आवड बघा. दहावीला कशात जास्त गुण पडतात एवढ्यावरून आठवीत ठरवू नका.

वाट

शाळा सुरू व्हायच्या आधी एक दिवस काढा आणि मुलाबरोबर शाळेच्याच वेळेच्या गाडीने जा, शाळेच्याच वेळेला परत या. स्टँडवर कुठल्या बाजूला गाडी लागते, पाटीवर काय लिहिलेलं असतं, उतरल्यावर रस्ता कुठून ओलांडायचा. आणि गाडी चुकली तर पुढची किती वाजता, तोवर कुठे थांबायचं, कुणाच्या फोनवरून घरी कळवायचं. हे शेवटचं तर दोनदा सांगा.

ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत आहे. मुलांना पासाचे साधारण एक तृतीयांश पैसे भरावे लागतात. त्यासाठी शाळेचं बोनाफाईड लागतं, ते पहिल्याच आठवड्यात मागा. अलीकडे महामंडळ शाळेतच पास देण्याची सोय करतं. आमच्याकडे ती आहे का हे ऑफिसात विचारलं की डेपोतली रांग वाचते. मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत मुलींसाठी वेगळ्या गाड्या असतात, आणि शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. तुमचा तालुका त्यात आहे का ते मुख्याध्यापकांना विचारा.

पहिला आठवडा

हा भाग मी सावकाश लिहिते, कारण सगळी पडझड इथेच होते आणि इथेच ती थांबवता येते.

पहिलं म्हणजे वेळापत्रक. फळ्यावरचं वेळापत्रक पहिल्या दिवशी घाईत उतरवलेलं असतं, आणि बऱ्याचदा ते त्याच आठवड्यात बदलतं. ते नीट न कळल्यामुळे मुलं रोज सगळी पुस्तकं आणि सगळ्या वह्या घेऊन येतात. ते ओझं घेऊन एसटीत उभं राहून येतात. पहिल्या शनिवारी घरी बसून वेळापत्रक जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, प्रत्येक तासासमोर शिक्षकांचं नाव लिहा आणि दप्तर जिथे टांगता तिथे भिंतीला लावा. शिक्षकांचं नाव विसरू नका. ‘गणिताचे सर’ हे नाव झालं नाही. नाव माहीत असलेल्या माणसाला मूल प्रश्न विचारतं.

दुसरं पाणी आणि स्वच्छतागृह. हे लिहायला संकोच वाटतो, पण वाटायला नको. एका वर्षी एक मुलगी रोज शेवटच्या दोन तासांना डोकं बाकावर टेकवून बसायची. मला वाटलं, झोप पुरत नसेल, पहाटे उठून येते. जवळ घेऊन विचारलं तेव्हा कळलं, ती सकाळी घरून निघाल्यापासून पाण्याचा थेंब पीत नव्हती. पाणी प्यायलं की जावं लागेल, आणि स्वच्छतागृह कुठे आहे, मध्येच तासाला जाऊ देतात का, हे तिला माहीत नव्हतं. विचारायची लाज वाटत होती. तीन आठवडे ते पोर असं राहिलं होतं. तिची पाण्याची बाटली रोज भरलेली परत जायची आणि घरी ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

संध्याकाळी बाटली उचलून बघा. भरलेली असेल तर रागावू नका, जवळ बसवून विचारा. प्रवेशाच्या दिवशीच मुलीला घेऊन शाळाभर एक फेरी मारा आणि मुलींचं स्वच्छतागृह कुठे आहे ते तिला स्वतः बघू द्या. या वयात पाळी सुरू होते. ती शाळेत आली तर कुठल्या बाईंकडे जायचं, दप्तराच्या कुठल्या कप्प्यात पॅड ठेवायचं, हे आईने आधीच सांगितलेलं असावं. आई घरात नसेल तर आत्याने, मोठ्या बहिणीने, किंवा आम्हाला सांगा, आम्ही सांगू.

तिसरं, त्रास. मोठ्या मुलांनी डबा पळवला, बोलीवरून हसले, कुणी नको तिथे हात लावला. यातली शेवटची गोष्ट ‘शाळेत असं होतंच’ म्हणून कधी सोडू नका. शाळेत तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी, समितीवर कोण आहे ते विचारून ठेवा. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन मोफत आहे, तो मुलाला पाठ असू द्या. शिक्षकांनी मारणं हेही कायद्याने बंद आहे. ‘चांगला बडवा बाई, तुमचंच पोर समजा’ असं पालक प्रेमाने सांगून जातात. ते ऐकलेलं मूल मग घरी काहीच सांगत नाही, कारण घरचे आपल्या बाजूने नाहीत हे त्याने ऐकलेलं असतं.

संध्याकाळी काय विचाराल?

‘आज काय शिकवलं?’ याला उत्तर ‘काही नाही’ असंच येतं. मुलाचा दोष नाही, प्रश्नच मोठा आहे. लहान प्रश्न विचारा. आज बाकावर शेजारी कोण बसलं होतं? डबा कुणाबरोबर खाल्लास? कुठल्या तासाला कंटाळा आला? कुणाला काही विचारलंस का? पहिल्या महिन्यात मला वाटतं ‘शेजारी कोण’ हा प्रश्न सगळ्यात मोलाचा. जूनअखेर रोज वेगळं नाव येत असेल, किंवा नावच येत नसेल, तर मूल एकटं पडलंय. मग त्याच गाडीने येणाऱ्या दुसऱ्या मुलाच्या घरी एकदा जाऊन या, रविवारी त्याला जेवायला बोलवा. दोघं मिळून येऊ-जाऊ लागले की निम्मी भीती जाते.

आणि मुलाला वाक्य शिकवा, तोंडात बसेपर्यंत. ‘सर, ही पायरी पुन्हा सांगता का?’ ‘बाई, काल मी नव्हतो, कुठली वही पूर्ण करू?’ हसू नका, हे घरी म्हणून घ्यावं लागतं. ज्याने घरी दहादा म्हटलंय तो वर्गात एकदा म्हणतो.

जुलै : एकदा तरी या

पालकसभेची वाट बघू नका. सभेत साठ पालक असतात, तिथे तुमच्या पोराबद्दल बोलणं होत नाही. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात मधल्या सुट्टीत दहा मिनिटं या. रोजंदारी बुडणार असेल तर शनिवारी या, शाळा सकाळची असते. एका वडिलांनी येऊन मला एवढंच सांगितलं होतं, ‘बाई, तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, पण ती सांगत नाही.’ मी तिला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाकावर हलवलं, पण चुकून असं बसवलं की तिचा चांगला कान भिंतीकडे आला, आणि मग तिनेच पहिल्यांदा तोंड उघडून सांगितलं, ‘बाई, इकडून नाही ऐकू येत, तिकडे बसू?’ त्या दिवसापासून ती बोलायला लागली.

येताना अशीच माहिती घेऊन या. चष्मा, दमा, फिट, घरात नुकतंच कुणी गेलेलं असणं, घरी रात्री दिवा नसणं. आम्हाला कुणी सांगितलं नाही तर कळत नाही. आणि आम्हाला विचारा : हा वर्गात बोलतो का? वह्या पूर्ण आहेत का? कुठल्या विषयात मागे आहे? ‘हुशार आहे का’ हे जुलैत विचारू नका. जुलैत ते कुणालाच माहीत नसतं.

क्लास लावावा का, असं हमखास विचारतात. माझं मत, दिवाळीपर्यंत थांबा. पहाटे उठून एसटीने आलेलं मूल सहा वाजता क्लासला आणि आठला घरी पोचलं तर ते वही उघडणार कधी?

शिष्यवृत्ती

एनएमएमएसचे अर्ज आठवीत पहिल्या सत्रात शाळेमार्फत भरले जातात. सातवीला किमान ५५ टक्के गुण (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के) आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत, अशी अट आहे. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मुलाच्या खात्यात येतात, मात्र शाळा सरकारी किंवा अनुदानितच असावी लागते. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मिळायला वेळ लागतो, तो जुलैतच काढून ठेवा. बँकेचं खातं मुलाच्या नावावर आणि आधारशी जोडलेलं हवं. आमच्याकडे दरवर्षी दोन-तीन चांगली मुलं केवळ एका कागदापायी मागे राहतात.

दिवाळी

पहिल्या सत्राचे गुण कमी येतील. गावच्या शाळेत पहिला येणारा मुलगा इथे विसावा येतो, कारण इथे दहा शाळांमधले पहिले आलेले असतात. हे त्याला परीक्षेआधीच सांगा, नंतर सांगितलं तर ती समजूत काढल्यासारखी वाटते.

उत्तरपत्रिका घरी मिळत असेल तर मागून घ्या, नसेल तर शाळेत बसून बघा. गुणांची बेरीज बघू नका, चुका बघा. प्रश्नच कळला नव्हता, की येत होतं पण वेळ पुरला नाही, की पान कोरंच सोडलं? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. कोरी पानं असतील तर त्या विषयाच्या शिक्षकांना सुट्टीआधी भेटा. आठवीला वार्षिक परीक्षेत प्रत्येक विषयात किमान गुण मिळवावे लागतात. नापास झालेल्यांना पुनर्परीक्षेची संधी मिळते, तिथेही जमलं नाही तर आता मुलाला त्याच वर्गात बसवतात. ‘आठवीपर्यंत कुणाला नापास करत नाहीत’ हे जुनं झालं. पण नोव्हेंबर ते मार्च हातात असतात, तेवढा वेळ पुरतो.

पाणी न पिणारी ती मुलगी दिवाळीनंतर खो-खोच्या संघात आली. तिची आई विचारायला आली होती, सराव किती वाजता सुटतो आणि त्यानंतर वाडीकडे जाणारी गाडी कितीला आहे. सरावासाठी थांबणाऱ्या चार मुलींची मग आम्ही एकत्र यादी केली, आणि साडेसहाच्या गाडीला स्टँडपर्यंत सोडायला शिपाईमामा जाऊ लागले.